कोऱ्या पानांवरची प्रतिनिधी

"त्या डिशा उचल गं. तुला सवय असेल."

असं म्हणाला तो. विराज. तिसऱ्या वर्षाचा, विद्यार्थी मंडळाचा सेक्रेटरी. बाप संस्थेच्या कमिटीवर, घर बाजारपेठेत, कॉलेजपासून पाच मिनिटांवर, तरी गाडी घेऊन येणार. माझ्याकडे नीट बघितलं पण नाय त्याने. मोबाईलमध्ये बघत बोलला.

मंडळाची पहिली सभा होती ती. मी प्रथम वर्षाची प्रतिनिधी. नोटीस बोर्डावर माझं नाव टाईप करून लावलेलं आणि मी ते तीनदा जाऊन वाचलेलं. सभेसाठी आदल्या दिवशी ड्रेस धुतला, घडी करून उशीखाली ठेवला. आणि सभेत पहिलं काम मिळालं ते हे. बारा डिशा. तेल, चटणी, पावाचे तुकडे. एकाने अर्धा चावलेला वडा थुंकून ठेवलेला.

मी उचलल्या. आता सांगताना घाण वाटतं, पण खोटं कशाला बोलू? उचलल्या. मागच्या मोरीवर नेल्या, घासल्या, पुसून परत आणून ठेवल्या. मंडळाचे सर खूश झाले. म्हणाले, "वा, कामाची पोरगी आहे."

मी म्हटलं, "थँक्यू सर."

थँक्यू! त्या खरकट्याची मला किळस नाय आली कधी, खरकटं काय, हात धुतला की गेलं. त्या थँक्यूची येते. अजून येते.

मी डिशा धूत होते तेवढ्या वेळात सभा आटपली होती. काय बोलणं झालं, मला कळलं नाय. मी आले तर सगळे फोटोसाठी उभे. सर म्हणाले, "हिला मधी घ्या. फेब्रुवारीत तपासणीची कमिटी येणार आहे, वाडीवरची मुलगी फोटोत दिसली पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "पुढच्या वेळी तुमचं ते लुगडं नेसून ये हं."

लुगडं माझी आजी नेसते. मी जन्मात नेसले नाय. पण मान हलवली. त्या दिवशी मी नुसती मान हलवायलाच गेले होते वाटतं.

मी ठाकरवाडीची. वैशाखऱ्याच्या वर, माळशेजच्या रस्त्यापासून चाळीस मिनिटं चढून गेलं की आमची वाडी. बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकले. मग मुरबाडला कॉलेजात नाव घातलं. कॉलेजचं नाव सांगत नाय, सांगून काय करणार, सगळीकडे हीच गत आहे.

प्रतिनिधी मी झाले कशी, ते पण ऐका. पहिल्याच आठवड्यात मंडळाचे हेच सर वर्गात आले. म्हणाले, "प्रथम वर्षातून मंडळावर एक जण लागतो. कोण येणार?" कोणी हात वर केला नाय. बाजारपेठेतल्या पोरांना माहीत होतं, पहिल्या वर्षाच्या जागेला काय किंमत नसते. त्यांना क्रीडा पाहिजे, गॅदरिंग पाहिजे. सरांनी यादी बघितली. "आश्रमशाळेची कोण आहे? मार्क चांगले आहेत." मी उभी राहिले. झालं. निवडणूक संपली.

पण मला केवढं वाटलं! घरी सांगितलं तर आईने भात लावता लावता चिखलात उभ्या उभ्या शेजारच्या बायकांना ओरडून सांगितलं. "आमची पोर कालेजात मेंबर झाली गो!" बाबाने विचारलं, "म्हंजे ग्रामपंचायतीसारखं?" मी म्हटलं, तसंच. ते म्हणाले, "मग सगल्यांचं बोलत जा. आपलंच नको."

सगळ्यांचं बोलायला गेले आणि डिशा घासून आले.

सभेनंतर ऑफिसातले शिपाई मामा एक जाड रजिस्टर घेऊन आले. मंडळाच्या सभांचं. वर ठराव लिहितात, खाली हजर असणाऱ्यांच्या सह्या. मामांनी पान उघडलं, खाली बोट ठेवलं. "इथं कर." केली. त्यांनी पान उलटलं. "इथं." केली. परत उलटलं. पान कोरं. वर एक अक्षर नाय, खाली ओळीवर फक्त छापलेलं, प्रथम वर्ष प्रतिनिधी.

मी विचारलं, "मामा, यावर काय लिवलेलंच नाय."

"अगो, वर्षाच्या सगळ्या सभांच्या सह्या एकदम घेतात पहिल्या वर्षवाल्यांच्या. तुमी लांबून येता. परत परत कुठं बोलवायचं? दरवर्षीची पद्धत हाय."

मामा वाईट माणूस नाय. त्यांना तशीच सवय लागलेली. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आपल्यावर केवढा विश्वास आहे यांचा! आश्रमशाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर सही गिरवून गिरवून बसवली होती मी. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला एक शेपूट. कुठे करायला मिळत नव्हती. इथे एका दमात अकरा पानं मिळाली. मन लावून केल्या. एक पण वेडीवाकडी नाय.

असली चूक आमच्यासारखीच माणसं करतात. ज्यांच्या घरात आजपर्यंत फक्त अंगठे लागले, त्यांना सही म्हणजे केवढं मोठं वाटतं. वर काय लिहिलंय ते बघायचं असतं हे कोण सांगणार? विराजला हे पाळण्यात असल्यापासून माहीत असेल.

त्यानंतर मला एकाही सभेला बोलावलं नाय. मी दोनदा जाऊन विचारलं. विराज म्हणाला, "लागलं तर सांगू." लागलं नाय.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बोर्डावर नोटीस लागली. प्रथम वर्षाचे वर्ग नऊऐवजी सकाळी सात दहाला.

सात दहा! आमच्या फाट्यावर पहिली एसटी सव्वासहाला. ती घाटावरून भरून येते, आमी हात करत राहतो, ड्रायव्हर बघून न बघितल्यासारखं करतो. दुसरी साडेसातला. मुरबाडला उतरून कॉलेजात पोचेस्तोवर सव्वाआठ. म्हणजे पहिला तास गेला, दुसऱ्याची हजेरी होऊन गेली. धसईकडून येणाऱ्या पोरींचं पण तेच. पंचाहत्तर टक्के हजेरी नसली की परीक्षेचा फॉर्म घेत नाय, हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं. आमच्या बाजूच्या आमी सात पोरी. सातही जणींचं वर्ष टांगणीला.

वेळ का बदलली? तर नऊ वाजल्यापासून खोल्या रिकाम्या पाहिजे होत्या. कॉम्प्युटरचा नवीन कोर्स काढलेला, बाजारपेठेतल्या पोरांसाठी. त्यांना सकाळी उठवत नाय.

पण हे काहीच नाय. नोटिशीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ते खरं. विद्यार्थी मंडळ, ठराव क्रमांक चार. प्रथम वर्षाच्या प्रतिनिधींनी सूचना मांडली की वर्ग सकाळी भरवावेत, जेणेकरून विद्यार्थ्यांना दुपारी घरकामास वेळ मिळेल. सूचना एकमताने मंजूर.

प्रथम वर्षाची प्रतिनिधी मी. घरकामास म्हणे! मी ते चारचौघात वाचलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या शेजारी सुमन उभी होती.

सुमन आमच्याच वाडीची. पहिलीपासून एका बाकावर बसलो आमी, आश्रमशाळेत एका गोधडीत झोपलो. ती हळू वाचते, बोट ठेवून. तिने ती ओळ वाचली. मग मला विचारलं, "तू सांगितलास गो हे?"

"नाय गं."

"सही तुझी हाय ना?"

काय बोलणार? कोऱ्यावर केली म्हणून सांगितलं असतं तर अजून येडी ठरले असते. आणि गप्प बसले तर लबाड ठरले. मी गप्प बसले. त्या दिवशी एसटीत ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. हिंमत करून गेले. म्हटलं, "सर, ही सूचना माझी नाय. मला सभेला बोलावलंच नव्हतं."

सरांनी कपाटातून रजिस्टर काढलं. पान उघडून माझ्यासमोर धरलं. "ही सही कोणाची?"

"माझी."

"मग?"

"सर, मी केली तेव्हा पान कोरं होतं."

सर हसले. शेजारच्या मॅडमना म्हणाले, "ऐकलंत? कोऱ्यावर सही करते. यांना प्रतिनिधी करा म्हणे!" मग मला, "वाचल्याशिवाय सही करू नये एवढं कळत नाही कॉलेजात येऊन? उद्या तुझ्यावर कोणी भरवसा ठेवेल का?"

विराज तिथेच टेबलाच्या कडेवर बसलेला. पाय हलवत. म्हणाला, "आणि एवढं काय झालं? तुमची लोकं तशी पण पहाटेच उठतात ना."

आपणच खड्डा खणायचा, आपणच ढकलायचं आणि वर विचारायचं, चालताना खाली बघत नाय का? ह्या माणसांना लाज कशी नाय वाटत? मला तिथे थांबवेना. त्या खोलीतल्या रूम फ्रेशनरच्या वासाने पण आणि त्यांच्या हसण्याने पण. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं.

डिसेंबर तसाच गेला. काळोखात उतरायचं, फाट्यावर उभं राहायचं, धापा टाकत वर्गात शिरायचं आणि दारातच ऐकायचं, "आलात? हजेरी झाली." सुमन एक दिवस म्हणाली, माझ्याशी नाय, दुसरीशी म्हणाली, "रोज पलायचं नि रोज गैरहजर. त्यापरीस घरी राह्यलेलं बरं." जानेवारीत ती आलीच नाय. रस्त्याच्या कडेला मुंबईवाल्यांची फार्महाऊस झालीत ना, त्यातल्या एकावर झाडलोट करायला लागली. तिच्या घरी गेले तर तिची आई दारात तांदूळ निवडत बसलेली. सूप खाली न ठेवताच बोलली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काल. दुसरं काय?"

ती म्हण मी हजारदा ऐकलीय. आमच्यात लाकूडतोडीच्या कामावर गेलेली माणसं हसत हसत म्हणतात. त्या दिवशी ती माझ्या तोंडावर मारली आणि ती खरी होती. माझ्याच सहीने सुमन घरी बसली. शिव्या कोणाला द्यायच्या? सरांना देत होते, विराजला देत होते, आणि सगळ्यात घाण शिवी मला स्वतःला देत होते.

फेब्रुवारीत एक दिवस वर्गात निरोप आला. मंडळाची सभा, अकरा वाजता, प्रथम वर्ष प्रतिनिधीने हजर राहावे. तपासणीची कमिटी आठवड्यावर आलेली.

मी गेले. टेबलावर परत नाश्ता. विराजने मला एक पिशवी दिली. "आत लुगडं आहे, गॅदरिंगच्या सामानातलं. कमिटीच्या दिवशी नेसायचं. आणि कमिटीने विचारलं तर सांगायचं, आमच्या सूचना मंडळात ऐकल्या जातात. पाठ कर." लुगड्याला आदल्या वर्षीच्या कोणाच्या तरी घामाचा आणि पावडरीचा वास येत होता. मी पिशवी खाली ठेवली.

रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. सरांना फोन आला म्हणून ते बाहेर व्हरांड्यात गेले. मी रजिस्टर ओढलं. पानं उलटली. ठराव पाच, ठराव सहा, सगळीकडे माझी सही, शेपटासकट. सातव्यापासून पानं कोरी. पाच पानं. खाली माझं नाव वाट बघत बसलेलं, वर जो येईल त्याने काय पण लिहावं.

मी माझं पेन काढलं. पहिल्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. "हे पान कोरे असताना माझी सही घेतली. वर काय लिहिणार ते मला सांगितले नाही." तारीख टाकली. पान उलटलं. परत तेच लिहिलं. तिसऱ्या पानावर असताना विराजचं लक्ष गेलं.

"ए! काय करतेस?"

मी लिहीत राहिले. त्याने रजिस्टर खेचायला हात घातला. मी दोन्ही कोपर रजिस्टरवर टेकवले. त्याला म्हटलं, "हात लावलास तर इथंच बोंब मारीन."

तो मागे सरला. घाबरला! मला ते अजून खरं वाटत नाय. एवढंच होतं होय ह्यांचं सगळं? मी पाचवं पान संपवलं. मग मागे गेले. ठराव क्रमांक चार. समासात लिहिलं, "ही सूचना माझी नाही. मी कधीच मांडली नाही."

सर आत आले. रजिस्टर बघितलं. चेहरा कसा झाला ते काय सांगू. "वेडी झालीस का? कमिटी येतेय! हे कॉलेजचं रेकॉर्ड आहे!"

मी म्हटलं, "सर, मी पहिल्यांदाच त्यात खरं लिवलंय."

"बाहेर हो."

"होते. पण डिशा ज्याच्या त्याने उचला."

शौर्यबिर्य काही नव्हतं. जिना उतरून मी मागच्या मोरीजवळ बसले आणि रडले. मग तोंड धुतलं आणि पुढच्या तासाला जाऊन बसले.

पुढचं ऐकायला गोड नाय. नवीन रजिस्टर आलं. एका दुपारात वर्षभराच्या सभा परत लिहून काढल्या. माझ्या जागी बाजारपेठेतली एक पोरगी बसवली, तिला तेच लुगडं नेसवलं, केसात फूल खोचलं आणि कमिटीसमोर उभं केलं. तिने सांगितलं, आमच्या सूचना ऐकल्या जातात. कमिटी टाळ्या वाजवून जेवून गेली. सात दहाची वेळ तशीच राहिली. मला शिस्तभंगाची नोटीस. माझी हजेरी कशीबशी भरली, कारण मी पुढे रोज पहिल्या एसटीत दारात लटकून गेले. सातांतल्या तिघींची नाय भरली. चौथी सुमन.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमची वेळ पण सात दहाच केली. जून संपता संपता सरांनी बोलावलं. गोड आवाजात. मी मुरबाडला मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज केलेला, त्याला कॉलेजचा वर्तणुकीचा दाखला लागतो. वसतिगृह मिळालं की एसटीची कटकट संपली, चालत पाच मिनिटांत वर्गात. सर म्हणाले, "दाखला देतो ना. आम्ही काय शत्रू आहोत तुझे? फक्त यावर सही कर."

टाईप केलेला कागद. मी फेब्रुवारीत रागाच्या भरात रजिस्टरमध्ये खोटा मजकूर लिहिला, ठराव क्रमांक चार माझ्याच सूचनेवरून झाला होता, मला पश्चात्ताप होत आहे. खाली माझं नाव. सहीला जागा.

मी म्हटलं, "घरी वाचून आणते."

खरं सांगते, दोन दिवस तो कागद दप्तरात होता आणि माझं मन मला खात होतं. कर की सही. एक सही. तुझं तरी भलं होईल. आई पण म्हणाली, "मोठ्यांशी वैर कशाला गो?" मी सुमनकडे गेले. ती फार्महाऊसच्या पोहायच्या टाकीतला पाला काढत होती. कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझं काय आता? गेलं ते गेलं. पन ह्याच्यावर सही केलीस तर माझ्या दारात येऊ नको." आणि परत पाला काढायला लागली.

तिसऱ्या दिवशी मी दाखला आणायला गेले नाय. पहिल्या वर्षाच्या वर्गात गेले. तास सुटला होता, पोरं पोरी डबे काढत होती. मी फळ्याजवळ उभी राहिले आणि तो माफीनामा मोठ्याने वाचला. पूर्ण. मग सगळं सांगितलं, डिशा उचलल्या ते पण, थँक्यू म्हटलं ते पण. कोणी हसलं नाय. शेवटी म्हटलं, "परवा सर येतील. विचारतील, मंडळावर कोण येणार? तुमी काय करणार?"

शेणव्याची एक पोरगी, दोन बस बदलून येते ती, पहिल्या बाकावरून म्हणाली, "ताई, एकीलाच कशाला पाठवायचं? एकीला ते गिळतील."

मागून एक पोरगा बोलला, "आपल्याला इचारल्याबिगर तिने सहीच करायची नाय. वर्गात येऊन वाचून दाखवायचं, मग सही."

बोलायला लागली ती. एकदम. कोणी एसटीचं बोललं, कोणी मुलींच्या संडासाला कडी नाय ते बोललं. अर्धा तास मला काही सांगावंच लागलं नाय. दोन दिवसांनी सर आले तेव्हा वर्गाने एक नाव दिलं, त्या शेणव्याच्या पोरीचं, आणि उभं राहून सांगितलं की तिच्यासोबत सहा जणं सभेला येणार. सर म्हणाले, तशी पद्धत नाही. वर्ग म्हणाला, मग नाव पण नाय. शेवटी सरांनी ते नाव लिहून घेतलं, सहा जणांचं पुढे बघू म्हणाले.

मी सरांना कागद परत दिला. सही न करता. वसतिगृहाची यादी लागली, त्यात मी नाय. पहाटे चारला उठते, काळोखात उतरते, निम्म्या वेळा गैरहजर लागते. यंदा माझं वर्ष पण जाईल कदाचित. जाऊ दे. सुमनचं गेलं त्याबद्दल मी सरांना माफ करणार नाय, विराजला नाय, आणि मला पण नाय.

सोमवारी मंडळाची पहिली सभा आहे. पहिल्या वर्षाची सात जणं जाणार, आठवी मी. बोलावणं मला नाय, तरी जाणार. दार लावलं तर दारात बसणार. आमचं एकच म्हणणं आहे. ठराव क्रमांक चार आमच्यासमोर रद्द करा, मोठ्याने वाचून रद्द करा. तोपर्यंत तुमची सभा आमी पुढे सरकू देणार नाय.